पुढची तारीख

न्यू जर्सीतल्या एका चर्चच्या तळघरात, घडीच्या टेबलापलीकडे बसलेल्या मावशींनी पिशवीतून पेढ्यांचा जुना डबा काढला आणि माझ्या भाच्यापुढे ठेवला. डब्यात रक्तदाबाच्या गोळ्या होत्या. प्रत्येक गोळी ब्लेडनं मधोमध कापलेली आणि प्रत्येक अर्धुक वर्तमानपत्राच्या कपट्यात गुंडाळलेलं. साताऱ्याहून निघताना त्यांनी सहा महिन्यांच्या गोळ्या बॅगेत भरून आणल्या होत्या आणि आता नववा महिना चालू होता. “कुनी येनारं असलं तर मागवल्या असत्या,” मावशी म्हणाल्या, “पर दिवाळीपतुर कुनी येनार न्हाई. म्हनून निम्मी निम्मी घेते.”

भाचा तेव्हा मेडिकलच्या शेवटच्या वर्षाला होता. आठवड्यातून एक संध्याकाळ तो आणि त्याचे सोबती या तळघरात मोफत दवाखाना चालवायचे. मी बहिणीकडे राहायला गेले होते. फक्त मराठी बोलणाऱ्या एक आजी येणार आहेत, दुभाषी म्हणून येशील का, असं त्यानं विचारलं, म्हणून मी त्याच्यासोबत गेले. त्याचं मराठी घरापुरतं, ‘निम्मी’ म्हणजे किती हे त्याला मला सांगावं लागलं. कळल्यावर तो मावशींवर रागावला नाही. दुसऱ्या दंडाला पट्टा बांधून त्यानं रक्तदाब पुन्हा मोजला, १७८ वर ९६. मग मावशींच्या देखत एकेक कपटा उघडून अर्धुकं मोजली. ३१ भरली. आकडा कागदावर लिहून तो वरिष्ठ डॉक्टरांकडे गेला, तेवढ्यात मावशींनी मला दोन गोष्टी विचारल्या. पैसे किती द्यायचे, आणि पुढची तारीख कधीची?

पैसे द्यायचे नव्हतेच. दुसऱ्या प्रश्नाचा माग काढता काढता हे पुस्तक झालं.

अमेरिकेत फुकट दवाखाना कशाला लागतो, असं मला पुण्यात अनेकांनी विचारलं. विचारणाऱ्यांचं चुकत नाही. गरिबाचं आजारपण म्हटलं की आपल्या डोळ्यांपुढे सिव्हिल येतं: केसपेपरची रांग, खाटा संपल्यावर जमिनीवर घातलेली गादी, बाहेरून आणायला लावलेली औषधं. या सगळ्याबद्दल आपण पोटतिडकीनं तक्रार करतो आणि करायलाच हवी. पण तिथं एक दरवाजा आहे. ज्याच्याकडे काहीच नाही तोही त्या दरवाजातून आत जाऊ शकतो, हे आपण गृहीत धरलेलं असतं. अमेरिकेत काही मोठ्या शहरांत असे दरवाजे आहेत, शिकागोचं कुक काउंटी किंवा न्यूयॉर्कचं बेलव्ह्यू रुग्णालय. ऐपतीप्रमाणे पैसे घेणारी, सरकारी मदतीवर चालणारी सामुदायिक आरोग्य केंद्रं १९६५ पासून आहेत आणि त्यांचं काम मोलाचं आहे. पण एवढ्या मोठ्या देशाला ती पुरत नाहीत. केंद्रातल्या डॉक्टरनं पुढच्या तपासणीसाठी तज्ज्ञाकडे जा म्हटलं, की विमा नसलेला माणूस पुन्हा रस्त्यावर येतो.

तिथं दवाखान्याचा दरवाजा विम्याच्या कार्डानं उघडतो आणि ते कार्ड बहुतेकांना नोकरीतून मिळतं. ही रीत कुणी नीट विचार करून घालून दिलेली नाही. दुसऱ्या महायुद्धात, १९४२ मध्ये, सरकारनं पगारवाढीवर बंधन घातलं. कामगार टिकवायचे तर पगाराऐवजी दुसरं काहीतरी द्यायला हवं, म्हणून मालक आरोग्यविमा देऊ लागले. पुढे त्यावर करमाफी मिळाली आणि युद्धकाळातली तडजोड देशाची व्यवस्था होऊन बसली. १९६५ मध्ये ६५ वर्षांवरच्यांसाठी मेडिकेअर आणि गरिबांसाठी मेडिकेड आलं. मध्ये राहिले ते रोजंदारीवरचे, छोट्या हॉटेलांत भांडी घासणारे, छपरं शाकारणारे, दुसऱ्यांची मुलं सांभाळणाऱ्या बायका, नुकती नोकरी गेलेले. आणि ज्यांच्याकडे कागदपत्रं नाहीत असे लाखो लोक.

ओबामांच्या काळात २०१० मध्ये झालेल्या कायद्यानं हे चित्र बरंच बदललं. तेव्हा विमा नसलेले साडेचार कोटींहून जास्त होते, २०२३ पर्यंत ते अडीच कोटींच्या आसपास आले. मात्र मेडिकेड वाढवायचं की नाही हे ज्या त्या राज्यानं ठरवावं, असा निकाल सर्वोच्च न्यायालयानं २०१२ मध्ये दिला आणि टेक्साससारख्या राज्यानं ते वाढवलं नाही. तिथं आजही साधारण सहा माणसांमागे एकाकडे विमा नाही. २०२५ च्या जुलैत मेडिकेडला मोठी कात्री लावणारा कायदा झाला. त्यामुळे २०३४ पर्यंत आणखी सुमारे एक कोटी लोकांचा विमा जाईल, असा तिथल्या संसदेच्याच अंदाजपत्रक कार्यालयाचा अंदाज आहे.

मावशींचं कोडं यातलंच. मुलानं त्यांना ग्रीन कार्डावर बोलावून घेतलेलं. १९९६ च्या कायद्यानुसार नव्यानं ग्रीन कार्ड मिळालेल्यांना सहसा पाच वर्षं मेडिकेड मिळत नाही. ज्यांनी त्या देशात पुरेशी वर्षं नोकरी करून कर भरलेला नाही, त्यांना मेडिकेअरसाठीही पाच वर्षं थांबावं लागतं, आणि मग हप्ता भरून ते घ्यावं लागतं. मुलगा गोदामात कामाला. त्याच्या नोकरीच्या विम्यात आई बसत नाही आणि बाजारातल्या विम्याचा हप्ता पगारात बसत नाही. आपल्याकडून विमानात बसणाऱ्या कितीतरी आईवडिलांच्या बॅगेत लोणच्याच्या बरणीशेजारी वर्षभराच्या गोळ्या असतात. आपण त्याकडे काटकसर म्हणून पाहतो. मीही तसंच पाहत होते, तो पेढ्यांचा डबा उघडेपर्यंत.

एक दरवाजा मात्र कायद्यानंच उघडा ठेवला आहे. १९८६ च्या कायद्यानुसार जवळजवळ कुठल्याही रुग्णालयाच्या अपघात विभागात आलेल्या माणसाला, पैसे असोत नसोत, तपासावं लागतं आणि त्याची प्रकृती स्थिरावेपर्यंत उपचार द्यावे लागतात. कायदा चांगला आहे, त्यानं जीव वाचले आहेत. पण अपघात विभागाला पुढची तारीख नसते. स्थिरावलात, की घरी जा. मूत्रपिंडं निकामी झालेल्यांच्या बाबतीत याचा अर्थ काय होतो, हे वाचून मी दोन दिवस दुसरं काही लिहू शकले नव्हते. अशा रुग्णाला आठवड्यातून तीनदा डायलिसिस लागतं. कागदपत्रं नसलेल्या माणसाला अनेक राज्यांत ते ठरलेल्या वारी मिळत नाही. त्यानं घरी थांबायचं, अंगात पाणी साठू द्यायचं, पोटॅशियम वाढू द्यायचं आणि श्वास लागला की अपघात विभागात जायचं. रक्ताचा अहवाल पुरेसा वाईट आला तर यंत्राला जोडतात, नाही तर परत पाठवतात. डेन्व्हरच्या डॉ. लिलिया सर्वांटेस आणि सहकाऱ्यांनी २०१८ मध्ये दाखवून दिलं की अशा रुग्णांमध्ये पाच वर्षांतल्या मृत्यूचं प्रमाण नियमित डायलिसिस मिळणाऱ्यांच्या तुलनेत १४ पट आहे. त्यांच्या पाठपुराव्यानंतर २०१९ मध्ये कोलोरॅडोनं नियम बदलला. आजार तोच आणि यंत्रही तेच असतं. या रुग्णांना तारीख तेवढी मिळत नाही.

या तारखा देण्याचं काम विद्यार्थ्यांकडे कसं आलं, ही गोष्ट साठच्या दशकात सुरू होते. १९६७ च्या जूनमध्ये सॅन फ्रान्सिस्कोच्या हेट-ॲशबरी भागात डॉ. डेव्हिड स्मिथ यांनी मोफत दवाखाना उघडला. आरोग्य हा हक्क आहे, मेहेरबानी नाही, हे त्या दवाखान्याचं ब्रीद. पाठोपाठ ब्लॅक पँथर पक्षानं शहराशहरांत दवाखाने काढले आणि काळ्या वस्त्यांत सिकल सेलच्या तपासण्या सुरू केल्या. हे लोक मागायला आले नव्हते, ते स्वतःच उभं करायला निघाले होते. मेडिकल कॉलेजांतली मुलं तिथं हाताखाली काम करून गेली आणि पुढे त्यांनी आपल्या कॉलेजांच्या आसऱ्यानं स्वतःचे दवाखाने काढले. सॅन दिएगोत १९९७ मध्ये डॉ. एलेन बेक आणि त्यांच्या विद्यार्थ्यांनी एका चर्चमध्ये बेघरांसाठी जेवण असायचं तिथंच दवाखाना लावला. पुढे तो एका प्राथमिक शाळेतही भरू लागला, कारण आयांची पावलं तिकडे वळतातच. त्याच दवाखान्यातल्या डॉ. सनी स्मिथ यांनी सहकाऱ्यांबरोबर देशभर पाहणी केली आणि २०१४ मध्ये ‘जामा’ या नियतकालिकात ती प्रसिद्ध झाली. वैद्यकीय महाविद्यालयांपैकी तीन चतुर्थांश ठिकाणी विद्यार्थ्यांचा निदान एक तरी मोफत दवाखाना होता.

तिथली संध्याकाळ कशी जाते ते सांगते, कारण ‘विद्यार्थ्यांचा दवाखाना’ या शब्दांनी गैरसमज होतो. पहिल्या-दुसऱ्या वर्षाचा एक आणि तिसऱ्या-चौथ्या वर्षाचा एक, अशी जोडी रुग्णाजवळ बसते. विचारपूस, तपासणी, मागचे कागद. मग ती दोघं आत जाऊन वरिष्ठ डॉक्टरांपुढे सगळं मांडतात आणि डॉक्टर उलट प्रश्न विचारतात. पाय पाहिलेत का? गोळी खरंच घेतात का, की घेतो म्हणून सांगतात? ज्याचं उत्तर येत नाही त्यासाठी जोडी पुन्हा बाहेर येते. शेवटी डॉक्टर स्वतः रुग्णाला बघतात आणि चिठ्ठीवर सही त्यांचीच असते. फार्मसीची मुलं औषधं जुळवतात, समाजकार्याची मुलं वीजबिलापासून मुलाच्या शाळेपर्यंतचे अर्ज भरून देतात. एका माणसाला दोन-अडीच तास सहज लागतात. वाट पाहणाऱ्याला ते जाचक आहे, पण कधी कुणी आपलं एवढं ऐकून घेतलं होतं, असंही लोक सांगतात. आपल्या ओपीडीत डॉक्टरला मान वर करायला सवड नसते आणि इथं वेळ हीच एक गोष्ट मुबलक आहे. गोळ्या मोजायला तोच वेळ लागतो.

पैसा मात्र नसतो, आणि तिथं मुलांना फार्माकोलॉजीच्या पुस्तकात नसलेलं शिकावं लागतं. वॉलमार्टनं २००६ मध्ये महिन्याला चार डॉलरमध्ये मिळणाऱ्या जेनेरिक औषधांची यादी काढली. या दवाखान्यांत ती यादी तोंडपाठ असते. मेटफॉर्मिन त्यात आहे, लिसिनोप्रिल आहे. यादीत नसलेलं उत्तम औषध लिहून देण्यापेक्षा यादीतलं बरं औषध लिहून द्यायचं, म्हणजे माणूस ते निदान घेईल.

पण चार डॉलरची यादी जिथं संपते तिथं काय होतं? यासाठी मी वाचकाला टेक्सासच्या गॅल्व्हस्टन बेटावर नेते. तिथं १८९१ पासूनचं वैद्यकीय महाविद्यालय आहे आणि त्याच्या रुग्णालयाला गोरगरिबांच्या सेवेची जुनी परंपरा होती. याच बेटावरच्या काळ्या वस्तीत १९५४ मध्ये एपिस्कोपल चर्चनं सेंट व्हिन्सेंट्स हाउस ही संस्था काढली आणि पुढे तिच्यात विद्यार्थ्यांचा दवाखाना उभा राहिला. २००८ च्या सप्टेंबरमध्ये ‘आइक’ वादळानं बेट बुडालं, रुग्णालयात पाणी शिरलं. नंतरच्या काळात विमा नसलेल्यांना मोफत उपचार मिळणं फार आकसलं. तेव्हा तिथं शिकत असलेल्या रेचल पिअर्सन यांनी या दिवसांबद्दल आधी लेख आणि मग २०१७ मध्ये ‘नो अपॅरंट डिस्ट्रेस’ हे पुस्तक लिहिलं. रुग्णाकडे पाहताक्षणी तो फारसा त्रासात दिसत नसेल तर डॉक्टर कागदावर हे तीन शब्द लिहितात.

आपल्याला पहिल्यांदा ‘डॉक्टर’ म्हणणाऱ्या माणसाबद्दल पिअर्सन यांनी लिहिलं आहे. पोट फुगलेलं, डोळे पिवळे, गिळताना दुखायचं. तो दर गुरुवारी यायचा. त्या त्याला तपासायच्या, त्याच्याशी बोलायच्या, रक्ताच्या साध्या तपासण्या व्हायच्या आणि त्याला चार डॉलरचं ॲसिडिटीचं औषध दिलं जायचं. काहीतरी गंभीर आहे हे सगळ्यांना दिसत होतं. निदानासाठी सीटी स्कॅन हवा होता, पोटातल्या पाण्याची आणि यकृताच्या तुकड्याची तपासणी हवी होती, आणि त्यातलं काहीही त्या दवाखान्याच्या आवाक्यात नव्हतं. तो माणूस वाचला नाही. त्याला तारखा मिळत होत्या, दर आठवड्याला मिळत होत्या, आणि तरीही त्या कुठंच पोहोचवत नव्हत्या. या विषयावर लिहायला बसले की मला आधी हाच माणूस आठवतो. सहृदय मुलांचं आणि त्यांच्या सेवेचं कौतुक करायला मी कचरत नाही, पण या माणसाला वगळून ते कौतुक केलं तर ते खोटं होईल.

दुसरा एक आक्षेप आहे आणि तो मला पूर्ण मान्य आहे. हात बसवायला गरीब आणि हात बसल्यावर श्रीमंत, ही वैद्यकशिक्षणाची जुनी रीत आहे. आपल्या मोठ्या रुग्णालयांत एका खाटेभोवती १५ विद्यार्थी उभे राहतात, एकामागून एक पोट दाबून पाहतात आणि खाटेवरचा माणूस छताकडे बघत राहतो, हे दृश्य आपण सगळ्यांनी पाहिलं आहे. ‘काहीच नसण्यापेक्षा हे बरं’ हा युक्तिवाद मला पटत नाही, कारण त्यात कितीही वाईट काम बसतं. जे दवाखाने चांगले आहेत ते हा युक्तिवाद करत नाहीत. ते आपलं काम मोजतात. न्यूयॉर्कच्या ईस्ट हार्लेममध्ये माउंट सायनायच्या विद्यार्थ्यांनी २००४ मध्ये सुरू केलेल्या दवाखान्यानं आपल्या मधुमेही रुग्णांचे कागद तपासले: डोळ्यांची तपासणी झाली का, मूत्रपिंडाची झाली का, तीन महिन्यांच्या साखरेचा आकडा काय. बऱ्याच बाबतींत त्यांचं काम विमा नसलेल्यांना इतरत्र मिळणाऱ्या उपचारांहून सरस ठरलं. आकडे वाईट आले असते तरी ते मांडायची तयारी होती, हे मला जास्त महत्त्वाचं वाटतं.

हे सगळं वाचताना मला सेवाग्राम आठवत राहिलं. डॉ. सुशीला नायर यांनी १९६९ मध्ये तिथं वैद्यकीय महाविद्यालय सुरू केलं. विद्यार्थ्यांची प्रत्येक नवी तुकडी आसपासचं एक खेडं दत्तक घेते, तिथं मुक्काम करते, घराघरांची पाहणी करते आणि नंतरही त्याच घरी जात राहते. याच परिसरात डॉ. उल्हास जाजू यांनी ज्वारीचा विमा चालवला. सुगीला प्रत्येक घरानं आपापल्या शेतीच्या मानानं ज्वारी द्यायची आणि त्या बदल्यात घरातल्या आजाऱ्याला महाविद्यालयाच्या कस्तुरबा रुग्णालयात उपचार मिळायचे. ज्याच्याकडे रोख पैसा नाही त्याच्याकडे ज्वारी आहे, हे ओळखून केलेली ही सोय. सेवाग्रामच्या विद्यार्थ्यानं खेड्यातल्या एखाद्या बाईच्या गळ्यात गाठ पाहिली, तर तिला कुठं पाठवायचं हे त्याला ठाऊक असतं, त्याच्या पाठीशी रुग्णालय उभं असतं. गॅल्व्हस्टनच्या मुलांपाशी डोळे होते, निष्ठा होती, चर्चची खोली होती. त्यांच्यामागे उभं राहणारं तेवढं कुणी नव्हतं. आपल्याकडे आता देशभरच्या एमबीबीएसच्या मुलांना काही कुटुंबं दत्तक घ्यायला लावणारा कार्यक्रम अभ्यासक्रमात आला आहे. तो राबवणाऱ्यांनी गॅल्व्हस्टनची ही गोष्ट वाचावी असं मला मनापासून वाटतं.

पुढच्या प्रकरणांत सॅन दिएगो, ईस्ट हार्लेम आणि गॅल्व्हस्टन सविस्तर येतील. कोविडच्या साथीच्या वर्षात तळघरं बंद पडल्यावर फोनवरून रक्तदाबाचे आकडे घेणारी मुलंही येतील. सगळ्यात जास्त पानं मात्र बदलीच्या कामाला दिली आहेत. या दवाखान्यांची दुखरी नस तीच आहे. मधुमेह, रक्तदाब, दमा हे वर्षानुवर्षं चालणारे आजार, आणि विद्यार्थी दर उन्हाळ्यात बदलणारा. रुग्ण तोच राहतो आणि त्याच्यापुढचा चेहरा नवा येतो. म्हणून जुना विद्यार्थी जाण्यापूर्वी नव्याला एकेक रुग्ण समजावून देतो, तोंडी आणि लेखी. वरवर कारकुनी वाटणारं हे काम चुकलं, की माणूस हातातून निसटतो.

त्या रात्री डॉक्टरांनी सही केल्यावर भाच्यानं मावशींना महिन्याभराच्या अख्ख्या गोळ्या दिल्या. रोज एक, अख्खी, हे त्यानं मला तीनदा सांगायला लावलं आणि मग मावशींनाच उलट सांगायला लावलं. त्यांनी बरोबर सांगितलं. त्यानं छोट्या कार्डावर पुढची तारीख लिहून दिली. मावशींनी चष्मा लावून ती वाचली, ४/७. मार्च महिना चालू होता. त्या काही न बोलता उठल्या, गोळ्यांची बाटली डब्यात ठेवली आणि दारापाशी माझ्याजवळ थांबून हळूच म्हणाल्या, “चार जुलै लई लांब हाय. तवर पुरवीन मी, निम्मी निम्मी करून.”

अमेरिकेत आधी महिना लिहितात आणि मग दिवस. ती तारीख ७ एप्रिल होती. ४ जुलै त्यांचा स्वातंत्र्यदिन, त्या दिवशी तळघराला कुलूप असतं. मी त्यांच्या हातातलं कार्ड मागून घेतलं, आकडे खोडले, मोठ्या अक्षरांत ‘७ एप्रिल’ असं लिहिलं आणि भाच्याला हाक मारली. त्याला कळलं तेव्हा तो खुर्चीवर बसला आणि बराच वेळ त्या कार्डाकडे बघत राहिला.

मावशी ७ एप्रिलला आल्या. मे महिन्यात भाचा पदवी घेऊन दुसऱ्या शहरात गेला. जाण्याआधी त्यानं त्यांच्याबद्दल नव्या विद्यार्थिनीसाठी लिहिलेलं टिपण मला वाचून दाखवलं. औषधाचं नाव आणि मात्रा. मागचे तीन आकडे. जेवणात भाकरी आणि खारट चटणी असते, मीठ कमी करायचं तर चटणीपासून सुरुवात कर. दुभाषी मिळाल्याशिवाय घाईनं काही ठरवू नकोस. मुलाची पाळी गुरुवारी संपते, त्या दिवशीच तो त्यांना गाडीनं आणू शकतो. गोळ्या मोज, पण त्यांच्यासमोर, आणि सहज बोलता बोलता. तारीख लिहिताना महिना आकड्यात लिहू नकोस, अक्षरात लिही.